‘काकाजी, कोणत्या डोहात सोडू?’ असं विचारणाऱ्या वनरक्षक ताईंना

आदरणीय ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. निघताना तुम्हीच बजावलं होतं, माझं नाव कुठं टाकू नका म्हणून. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण त्या दिवशी घाटावर चारचौघांतच माझ्या बाबांना गुन्हेगार ठरवायची तयारी झाली होती.

ऐन उन्हाळा, वैनगंगा आटत आलेली. बाबांच्या जाळ्यात ते कासव अडकलं. दोघांनी मिळून उचलावं एवढं मोठं. पाठ चामडीची, कडा मऊ, नाकाची बारीक नळी पुढं आलेली आणि मान अशी लांब, की हात कुठं धरावा कळेना. आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, घरात अशी कासवं आजोबांच्या काळापासून माहीत आहेत. खाल्लीही आहेत, ते मी लपवत नाही. पण आता क्वचितच दिसतात, हे बाबांच्या मनात कधीचं घर करून होतं. त्यांनी पोतं भिजवून त्याच्यावर टाकलं, झाडाच्या सावलीत ठेवलं आणि मला म्हणाले, ‘बाई, फोन लाव. सरकारात कळव.’

मी फोन लावत राहिले. एकानं सांगितलं, तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही. दुसरा म्हणाला, साहेब रजेवर आहेत, उद्या बघू. उन्हात पडलेल्या जिवाला उद्या असतो का? तिसऱ्यानं तर कासव कसं आहे, जिवंत आहे का, एवढंही विचारलं नाही. थेट म्हणाला, ‘पकडलंच कसं? केस होईल तुमच्यावर.’ ते ऐकून आईचा चेहरा उतरला. शेजारचे म्हणू लागले, कशाला नसती ब्याद, गुपचूप कापून मोकळे व्हा. एक गिऱ्हाईक तर पैसे काढून उभंच होतं. दुसरा खाली बसून नखं मोजत होता, कारण वीस नखांचं कासव गुप्तधन दाखवतं म्हणे. या कासवाच्या एका पायाला तीनच नखं असतात, चारही पायांची मिळून १२. तो निराश होऊन उठला आणि मला बरं वाटलं. कुणी सांगत होतं, पाठीच्या कडेला भोक पाडून दोरी ओवा म्हणजे पळणार नाही. बाबा त्याच्या अंगावर धावून गेले. माझे बाबा कुणावर आवाज चढवणारे नाहीत, ताई.

मग तुम्ही आलात. तुमची बीट, म्हणजे गस्तीची हद्द, वेगळी, तुम्हाला कुणी धाडलं नव्हतं, कुणाकडून तरी कानावर आलं म्हणून गाडी काढली, हे सगळं मला नंतर कळलं. पुढं कागदपत्रं, फोटो, वरून परवानगी, डॉक्टरांची तपासणी, जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल मी लिहीत बसत नाही.

मला लिहायचंय ते एका वाक्याबद्दल. तुम्ही कासवापाशी बसलात, पोत्यावर आणखी पाणी ओतलं, आणि वर बघून बाबांना विचारलंत, ‘काकाजी, नदी तुमच्या पायाखालची आहे. कोणत्या डोहात सोडू?’

बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. खाकी कपड्यातल्या माणसानं त्यांना आजवर विचारलं ते एवढंच, जाळं कुणाचं, डोंगा कुणाचा, इथं काय करता. त्यांना नदीतलं काय कळतं, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मग ते बोलायला लागले ते थांबेचनात. कोणत्या डोहाला बारमाही पाणी असतं, कुठं तळाशी रेती आहे आणि कुठं नुसता खडक, कोणत्या काठाला टिप्पर उतरतात म्हणून तिथं नको. हे कासव रेतीत अंग पुरून घेतं आणि नाकाची नळी तेवढी वर काढतं, मेलेली जनावरं खाऊन पाणी साफ ठेवतं, अंडी काठच्या रेतीत घालतं. तुम्ही खिशातून वही काढलीत आणि ते सगळं लिहून घेतलंत. माझ्या बाबांचं बोलणं कुणी कागदावर उतरवून घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. अजून आठवलं की गळा दाटतो.

त्यांनी सांगितलेल्या डोहातच तुम्ही त्याला सोडलंत.

तुमच्याकडूनच कळलं की हे लीथचं मऊ पाठीचं कासव. मुंबईतल्या लीथ नावाच्या डॉक्टरवरून हे नाव पडलं आणि १८७२ मध्ये ग्रे नावाच्या शास्त्रज्ञानं त्याचं पहिलं वर्णन केलं. पाठ दोन फुटांपर्यंत वाढते. भारताच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पातल्या नद्या सोडल्या तर ते जगात कुठं नाही. आमची वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, त्याच पाण्यातलं हे. २०२१ मध्ये जागतिक यादीत त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं, आणि २०२२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापाराबद्दल पनामात झालेल्या देशोदेशींच्या परिषदेत भारताच्या मागणीवरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘एवढ्या दूरच्या लोकायले मालूम हाय, अन् आपल्या हापिसातल्यायले नाई?’ मला उत्तर देता आलं नाही.

शंकराच्या देवळात नंदीपुढच्या दगडी कासवाला हात लावल्याशिवाय आम्ही पुढं जात नाही. जित्या कासवासाठी मात्र कुणाला वेळ नव्हता. तुम्हाला होता. अशी माणसं मी आणखीही पाहिली आहेत: म्हातारीला गावाच्या फाट्यावर उतरवून तिचं गाठोडं खाली देणारा एसटीचा कंडक्टर, रात्री दार वाजलं तरी कपाळाला आठी न घालणारी आमची आशाताई. त्यांच्या पदाला कुणी सलाम ठोकत नाही, पण गावाचा गाडा त्यांच्यावरच चालतो. तुमच्या खात्यातल्या मोठ्यांनी हे वाचलं तर माझी एकच विनंती आहे: नदीकाठची बीट द्यायची असेल तर अशा माणसाला द्या.

आणि ताई, तुमच्याकडेही एक मागणं आहे. रेतीघाटाचा विषय ग्रामसभेत येणार आहे. कोणत्या काठाची रेती उचलू नये, कुठं कासव अंडी घालतं, हे बाबा सांगणार आहेत. इतकी वर्षं ते सभेत मागच्या रांगेत बसत आले, या वेळी बोलायचं म्हणतात. तुमची ती वही घेऊन या. त्यांनी सांगितलेलं तुमच्या अक्षरात लिहिलेलं असलं, तर लोक ऐकतील.

तुमची,
ढिवर मोहल्ल्यातली एक मुलगी