अर्धवट स्वयंपाकघर आणि ठेकेदाराची टाळाटाळ

महोदय,

मानेवाड्यातल्या आमच्या जुन्या घराचं स्वयंपाकघर आणि न्हाणी नव्यानं करायचं काम मार्चमध्ये एका ठेकेदाराला दिलं. साडेतीन लाखांत ठरलं, अडीच लाख त्यानं आधीच घेतले. तिथंच आमचं चुकलं; काम पुढं सरकेल तसेच पैसे द्यायला हवे होते. टाइल्स अर्ध्या भिंतीपर्यंत लागल्या आणि मे महिन्यात माणसं यायची बंद झाली. फोन केला की एकच उत्तर, मजूर गावाला गेले. ओटा नाही म्हणून ऐंशी वर्षांच्या सासूबाई अंगणात शेगडीपाशी बसतात. पहिल्याच पावसात फोडलेल्या भिंतीतून पाणी थेट देवघरात आलं.

हाती वहीचा एक कागद आहे, त्यावर रक्कम आणि त्याची सही. तो कागद, यूपीआयच्या नोंदी आणि फोटो घेऊन मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करते आहे. घरदुरुस्ती हीसुद्धा कायद्यानं सेवाच आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र २ वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

आमच्याच गल्लीत आणखी दोन घरी हा ठेकेदार असंच काम टाकून गेला आहे. त्यांनाही मी सोबत यायची विनंती केली आहे.

– एक गृहिणी, मानेवाडा, नागपूर