सीमेपलीकडची शेती आणि सीमेपर्यंतचा शस्त्र परवाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शस्त्र परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, याची नोंद परवान्यावरच केलेली असते. बहुतेकांच्या बाबतीत ती फार तर ‘महाराष्ट्र राज्य’ येथे थांबते, आणि नगर-नाशिककडच्या परवानाधारकाला तिची आठवणही क्वचितच होत असेल. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट, उदगीर, निलंगा, उमरगा या तेलंगणा-कर्नाटकाच्या सीमेवरच्या तालुक्यांतल्या माणसाचे तसे नाही. देगलूरहून मदनूर काय किंवा धर्माबादहून बासर काय, दुचाकीवरून जाऊन परत येण्याचे अंतर. पण तेवढ्यात राज्य बदलते, आणि नाक्याच्या अलीकडे जो रीतसर परवानाधारक होता, तोच पलीकडे विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरू शकतो. या अडचणीविषयी आपल्या भागात फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगणाचे जिल्हे आंध्र प्रदेशात गेले आणि बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्याला जोडले गेले. जमिनी, सोयरिकी आणि बाजाराच्या वाटा मात्र होत्या तिथेच राहिल्या. त्यामुळे एकाच कुटुंबाचा सातबारा नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात आणि पहाणी (म्हणजे तिकडचा सातबारा) औराद, भालकी नाहीतर मदनूरकडची, हे आमच्याकडे नवलाचे नाही. अशा माणसाने परवाना मागताना शेतीवस्तीवरच्या कुटुंबाचे संरक्षण हे कारण दिले, पोलिसांनी चौकशी करून ते मान्य केले, परवाना मिळाला. आणि ज्या वस्तीसाठी तो मागितला ती वस्तीच परवान्याच्या क्षेत्राबाहेर, असे घडते. हंगामात सोयाबीन-कापसाची रोख रक्कम घेऊन सीमेच्या दोन्ही अंगांना फिरणारे आडत व्यापारी, पलीकडच्या आठवडी बाजारात दुकान मांडणारे सराफ, निवृत्तीनंतर स्वतःची बारा बोरची बंदूक घेऊन हैदराबादेत रखवालदारीचे काम मिळते का ते पाहणारे माजी सैनिक, यांचीही गाठ याच नोंदीशी पडते. मी स्वतः परवानाधारक आहे आणि माझी काही जमीन सीमेपलीकडे आहे, हे वाचकांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही.

कायद्याची बाजू अशी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ हा केंद्राचा कायदा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. दोन्ही महाराष्ट्राला लागू तसेच तेलंगणा आणि कर्नाटकालाही लागू. परवाना देणारा अधिकारी त्याचे क्षेत्र ठरवतो. कलम १७ नुसार, नियमांनीच ठरवून दिलेल्या अटी सोडल्या तर इतर अटींत परवानाधारकाच्या अर्जावरून बदल करण्याचा अधिकारही त्याला आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१० च्या धोरणाने लगतच्या जास्तीत जास्त तीन राज्यांपर्यंत वैधता वाढवून देण्याची मुभा राज्यांना ठेवली, आणि संपूर्ण देशाची वैधता मुख्यतः खासदार, सैन्य व निमलष्करी दलांतील कर्मचारी, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी अशा वर्गांसाठी राखली. आम्हाला तीन राज्येही नकोत; नांदेड जिल्ह्याला दोन राज्ये लागून आहेत, तेवढी पुरतात. म्हणजे वाट कागदावर आहे. पण त्या वाटेने गेलेला अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस थांबेल याचा नेम नसतो. पलीकडच्या जिल्ह्याच्या पोलिसांचे मत मागवले आहे, एवढे एकदा ऐकून घेतले की पुढे विचारायचे कोणाला, हेच कळत नाही. नव्या परवान्याच्या अर्जावर पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावा, असे २०१६ चे नियम सांगतात; क्षेत्र वाढवून मागणाऱ्याच्या वाट्याला तशी तत्परता येत नाही.

दरम्यान जोखीम वाढली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली विनापरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षांची झाली. बेकायदा कट्टे विकणाऱ्यांच्या बाबतीत ही कडक तरतूद योग्यच आहे. परंतु पोलिसांनी ज्याचे चारित्र्य तपासले, ज्याच्या पिस्तुलाचा क्रमांक सरकारदरबारी नोंदलेला आहे आणि ज्याने नूतनीकरणाचे शुल्क वेळेवर भरले आहे, तो केवळ मांजरा नदी ओलांडली म्हणून त्याच कलमाच्या तोंडी सापडावा, हे काही कायदा करणाऱ्यांच्या मनात नसावे.

हाच प्रश्न अमेरिकेत फार मोठ्या वादाचा झाला आहे. आपल्याकडच्या अनेकांची मुले तिकडे असल्यामुळे त्याविषयी अर्धवट बोलले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कपड्याखाली झाकून पिस्तूल बाळगण्याचा परवाना तिथे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने देते, आणि एकाचा परवाना दुसऱ्याने मानायचा की नाही हे त्या दुसऱ्या राज्याच्या मर्जीवर असते. टेक्सासचा परवाना अनेक राज्यांत चालतो, पण इलिनॉय किंवा न्यूयॉर्क तो मानत नाही. सर्व राज्यांनी परस्परांचे परवाने मानावेत असे विधेयक तिथल्या प्रतिनिधीगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केले, पण सिनेटने ते पुढे नेले नाही. मला त्यात न्यूयॉर्कची बाजू चुकीची वाटत नाही. कारण काही राज्यांत पिस्तूल घेऊन फिरायला परवानाच लागत नाही आणि काहींत प्रशिक्षण व कसून तपासणी लागते. ज्याने कडक चाळणी लावली त्याने सैल चाळणीतून आलेला माणूस का स्वीकारावा? आपल्याकडे ही हरकत उभीच राहत नाही. नांदेडचा परवाना आणि पलीकडच्या राज्यातला परवाना एकाच कायद्याखाली दिला जातो, आणि दोन्हींची नोंद एकाच राष्ट्रीय संगणकीय यादीत विशिष्ट ओळख क्रमांकासह होते. नाक्यावरच्या हवालदाराला परवाना खरा की खोटा हे त्या क्रमांकावरून पडताळता यायला हवे. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यातली एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे: जिथून निघालो आणि जिथे जायचे त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते गोळ्या काढून, कुलूपबंद करून, हाताशी येणार नाही असे नेता येते.

परवान्याचा विषय काढला की मराठवाड्यात लगेच बीडचे नाव निघते, आणि ते निघायलाही हवे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर त्या जिल्ह्यातील परवान्यांची छाननी झाली आणि मोठ्या संख्येने परवाने रद्द झाले. ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल होतेच कसे, हा प्रश्न लोकांनी विचारला तो रास्त होता. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांबद्दल तर मला काडीची सहानुभूती नाही. त्यासाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, तो वसूल झालेला पाहायला आवडेल. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल झाकलेले असावे, मिरवू नये, असे नियमच सांगतात. तेव्हा माझी मागणी परवाने वाढवण्याची नाही आणि प्रत्येकाला देशभर मोकळीक देण्याचीही नाही. ज्याचा परवाना टिकण्याजोगा नाही त्याचा काढून घ्या. ज्याचा छाननीतून टिकला आहे, त्याला सीमेपलीकडच्या आपल्याच शेतात गुन्हेगार ठरवू नका.

माझ्या मते यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. नांदेड, लातूर व धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सीमावर्ती तालुक्यांतील परवान्यांचे नूतनीकरण करताना अर्जदाराची पलीकडे जमीन, दुकान किंवा नोकरी आहे का हे विचारावे, पहाणी अथवा नेमणुकीचे पत्र तपासावे आणि क्षेत्रवाढीचा प्रस्ताव त्याच वेळी राज्य शासनाकडे पाठवावा. पलीकडच्या पोलिसांचे मत हवे असल्यास त्यासाठी तीस दिवसांचीच मुदत ठेवावी. पलीकडे निवडणूक लागली की तिथला शस्त्र जमा करण्याचा आदेश अशा परवानाधारकालाही पाळावा लागेल, ही अट परवान्यावरच लिहावी. आमची त्याला हरकत नाही, कारण आपल्या राज्यातल्या निवडणुकीत आम्ही ठाण्यात शस्त्र जमा करतोच. आणि अर्ज नामंजूर करायचा असेल तर खुशाल करावा, परंतु नवा परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदवण्याचे जे बंधन कलम १४ मध्ये आहे, तेच या अर्जांनाही लावून कारण अर्जदाराच्या हाती द्यावे. सध्या होकारही मिळत नाही आणि नकारही मिळत नाही, त्यामुळे वर दाद मागायची तर कशाविरुद्ध मागायची, हाच प्रश्न पडतो.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी,
ता. देगलूर, जि. नांदेड