लहान्या मोटरी भरतो, हे लपवू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बी.ए. झालेला पोरगा लोकांच्या मोटरी भरतो, सोयरे आले की काय सांगावं?" मागून आईचा आवाज आला, "परीक्षेची तयारी करून राह्यला, असंच सांगतो आम्ही." फोनवर हे नीट बोलता आलं नसतं म्हणून लिहिते. आयटीआयमध्ये मी विजेचंच शिकवते, तेव्हा मोटरी भरणं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळणं, हे काम माझा धाकटा भाऊ लहान्या दिवसभर नेमकं कसं करतो ते तुम्हाला मीच सांगायला हवं. बाबा, पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

पाच एच.पी.ची थ्री फेज मोटर (तीन जिवंत तारांवर, म्हणजे फेजवर चालणारी) जळून दुकानात आली की बघणाऱ्याला काळी पडलेली तार तेवढी दिसते. लहान्या ती तार वाचतो. सगळ्या गुंडाळ्या सारख्याच करपल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं, नाहीतर पंप जाम होऊन भार वाढला होता. दोन फेजच्या गुंडाळ्या कोळसा आणि तिसरी नव्यासारखी तांबूस असेल तर मोटर स्टारमध्ये (तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र) जोडलेली होती आणि चालता चालता एक फेज गेली. एकच फेज करपली आणि दोन शाबूत राहिल्या, तर कारण तेच, फक्त जोडणी डेल्टाची, म्हणजे त्रिकोणी. पत्र्यांच्या आतल्या अंगाला घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला तर बेअरिंग संपलं होतं आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, टेकला होता. हे न वाचता नुसती नवी तार भरून दिली तर विहिरीवरचं मूळ दुखणं तसंच राहतं, आणि मोटर पुन्हा जळायला रात्री येणाऱ्या लाईनची, म्हणजे विजेची, एक पाळी पुरते.

एक फेज जाणं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं. डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडतो, मोटर थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते. साडेसात अँपिअर घेणारी मोटर मग सुमारे पावणेदोनपट, म्हणजे तेराच्या आसपास घेते. स्टार्टरमधला रिले मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरच्या आकड्यावर लावलेला असेल तर तो अशा वेळी मोटर बंद पाडतो. पण रिले सारखा पडतो म्हणून माणसं तो पिळून वाढवून ठेवतात किंवा सरळ काढून टाकतात. त्यात ऑटोस्विच, म्हणजे मोटर आपोआप चालू करणारं बटण, लावलेला असला की लाईन येताच साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदमच उठतात, व्होल्टेज बसतं आणि कधी डीपीच जाते. दोन फेजवर कंडेन्सर लावून थ्री फेज मोटर फिरवण्याचा जुगाडही वायंडिंग जाळतो. गहू-हरभऱ्याच्या पाळ्या चालू असतात, वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराच्या संत्र्याला पाणी सुरू असतं, तेव्हा मोटर चार दिवस दुकानात पडून राहिली तर काय होतं हे बाबा, तुम्हाला मी काय सांगू?

आता भरणं. जुनी तार तोडायच्या आधी वहीत लिहून घ्यावं लागतं: तार बसते त्या खाचा किती, २४ की ३६, कोणत्या खाचेतून निघून गुंडाळी कोणत्या खाचेत उतरते, एका गुंडाळीत वेढे किती, टोकं कशी जोडलीत. तारेवरचं लाखेसारखं आवरण काढून जाडी मायक्रोमीटरनं मोजतात, कारण आवरणासकट मोजलं तर गेज चुकतो. जुनी गुंडाळी हाच एकमेव नकाशा असतो. तो न उतरवता छिन्नी चालवली की पुढे सगळा अंदाजच.

तार सैल करायला काही जण स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा गाभा, जाळात टाकतात. त्यानं काम लवकर होतं, पण आतल्या पातळ पत्र्यांमधला इन्सुलेशनचा थर जळतो, पत्रे एकमेकांना लागतात, त्यांच्यातच वीज फिरायला लागते आणि नवं वायंडिंग भरलं तरी गाभा तापत राहतो. असली मोटर वरून नवी दिसते. म्हणून लहान्या मंद आच देतो, त्याला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "शेजारचा तर तासात काढून देते."

मग खाचेत कागद. तो खाचेच्या दोन्ही टोकांना थोडा बाहेर राहायला हवा, नाहीतर पत्र्याची धार तारेला कापते. गुंडाळी हातानं चार-चार तारा करून खाचेत सरकवतात, फायबरच्या किंवा बांबूच्या पट्टीनं दाबतात. स्क्रूड्रायव्हरनं ठोकली की आवरणावर ओरखडा पडतो आणि दोन वेढे एकमेकांना शॉर्ट होतात. वेढे कमी पडले तर मोटर पंपाविनाही जास्त करंट ओढून तापते, जास्त झाले तर जोर कमी पडून पाणी वर चढत नाही. तार बारीक वापरली तर भरायला सोपी जाते आणि जळायलाही. एखादी गुंडाळी उलटी जोडली गेली तर मोटर घुमते, थरथरते, करंट वाढतो. तांब्याच्या भावात अॅल्युमिनियमची तार भरून देणारेही आहेत. लहान्या तसं करत नाही. जुनं वायंडिंग आणि नव्या तारेचं रीळ दोन्ही गिऱ्हाईकाला दाखवतो.

भरून झालं की तिन्ही फेजचा रोध सारखा आहे का बघायचा, मग ५०० व्होल्टच्या मेगरनं तार आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासायचं. एक मेगओमच्या खाली काटा आला तर मोटर दुकानाबाहेर जाता कामा नये. नव्या कोरड्या वायंडिंगला तो याच्या कितीतरी वर हवा. मग मोटर गरम करून वार्निशमध्ये बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, निथळू द्यायची आणि भट्टीत वार्निशच्या प्रकाराप्रमाणे कित्येक तास सुकवायची. वरून कोरडं, आत ओलं राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात ओल धरते. बोअरची पाण्यानं भरलेली मोटर याहून वेगळी. तिला प्लास्टिकचं आवरण असलेली तार लागते, वार्निश नाही, आणि खाली सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी पूर्ण भरून हवा काढावी लागते. हवा राहिली तर बेअरिंग कोरडं फिरून बसतं.

आई, हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की "डोकं चाललं नाही म्हणून हात चालवतो" असं तुझ्या बोलण्यात येतं. आमच्या आयटीआयमध्येही मुलांना याच वाक्यानं आणून सोडतात. दहावीत कमी मार्क पडले की ट्रेड, चांगले पडले तर सायन्स. हुशार मुलाला फिटरचं काम आवडत असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. आणि हे आपल्या वर्ध्याच्या शेजारी! १९३७ साली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती आणि गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिकवायची गोष्ट तिथेच मांडली होती.

आणि तुम्ही दोघं स्वतःलाही अडाणीच म्हणवून घेता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय कपाशी पेरू नये, हे कृषी विद्यापीठ सांगतं. बाबा ते ढेकूळ फोडून, ओल खालपर्यंत उतरली का बघून सांगतात. शेवटच्या डवरणीला (कोळपणीला) डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी पाडायची, म्हणजे पाणी सरीत मुरतं आणि जास्तीचं निघून जातं, हे बैलजोडीच्या मागे चालताना झाडाची मुळी न दुखवता करणं कुठल्या परीक्षेत विचारतात? आई, तू सरकी दाताखाली धरून ओल सांगतेस. कट्ट आवाज आला तर कापूस वाळला, दबली तर अजून ऊन द्यायचं. खरेदी केंद्रावर तेच यंत्रानं मोजतात: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कापून, त्यावर माल परत. दव उडाल्यावर वेचणं, पत्ती (पाल्याचा कचरा) आणि कवडी (किडका, न फुललेला कापूस) बाजूला काढणं, यावर प्रत ठरते आणि प्रतीवर भाव. हे कौशल्य आहे. त्याला मजुरी फार कमी मिळते, हा दोष कौशल्याचा नाही.

कचेरीतल्या कामालाही मी हलकं म्हणत नाही. सातबाऱ्यावर एक आकडा चुकला तर कास्तकार वर्षानुवर्षं खेटे घालतो, तेव्हा तिथेही लक्ष लागतं. पण कचेरीला जो मान आहे तो त्या लक्षाचा नाही. तो सावलीचा आहे, एक तारखेच्या पगाराचा, आजारपणाच्या रजेचा, म्हातारपणीच्या आधाराचा. तुम्ही लेकरासाठी ते मागता यात तुमचं काहीच चुकत नाही. पस्तीस-चाळीस वर्षं उन्हात काढलेल्या माणसानं दुसरं काय मागावं? माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला भीती बिनआधाराच्या जगण्याची आहे आणि लाज आपण कामाची धरतो.

ही लाज आली कुठून तेही बोलू. कोणी कोणतं काम करायचं हे आपल्याकडे जन्मावर ठरलं, आणि काम जितकं अंगाला लागणारं, चिखलाचं, चामड्याचं, मैल्याचं, तितका करणारा खालचा. खुर्चीवरचा आपोआप वरचा. अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे, ज्यांच्या हातात आयुष्यभर झाडू होता. आपल्या गावात झाडणाऱ्या बाईला आजही पाणी वरून ओततात. आई, हे मला बोचतं, म्हणून लिहिलं.

आणि या नजरेनं माणसं मरतातही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. कपाशी डोक्याएवढी दाट वाढलेली, दमट ऊन, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, पॉवर पंपाचा बारीक फवारा आणि अंगावर साधा सदरा. औषध महागाचं म्हणून मोजून आणलं, पण ते मारणाऱ्याला हातमोजे, मास्क, चष्मा घेऊन द्यावा असं फार थोड्यांना वाटलं. बाबा, तुम्ही यंदा गड्याला फवारायला लावाल तेव्हा या तिन्ही गोष्टी, शिवाय लांब बाह्यांचा सदरा आणि हात-तोंड धुवायला साबण-पाणी आधी वावरात पोचवा. वाऱ्याच्या उलट दिशेनं चालू देऊ नका, आणि दुपारच्या उन्हात तर नकोच.

लहान्याच्या दुकानातही धोके आहेत, ते तुम्हाला माहीत असलेले बरे. वार्निश आणि थिनर पेट घेतात. त्याची भट्टी आणि वार्निशची टाकी एकाच खोलीत आहे, ती वेगळी करायला हवी. गोठ्याशेजारची पडवी रिकामी आहे, तिथे टाकी ठेवू द्या, पण कडबा तिथून हलवून. दुकानाला स्वतंत्र अर्थिंग हवं, खड्डा खोदायला बाबा, तुम्ही उभे राहा. तारतंत्री परवान्याचा अर्ज त्यानं अजून केलेला नाही, त्याच्या मागे लागा. अपघात विमा त्याच्याच बँकेत निघतो, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, वय १८ ते ७०. बाबा, तुम्हीही त्यात बसता, तुमचाही काढून घ्या.

मला सगळ्यात काळजी उधारीची आहे. मोटर हंगामात जळते आणि पैसे कापूस विकल्यावर येतात. तांब्याची तार मात्र रोख, वजनावर घ्यावी लागते. चार मोटरी उधार गेल्या की पाचवीला तार आणायला पैसा नसतो, मग बारीक तार भरायचा मोह होतो. यावर उपाय एवढाच, की तारेचे पैसे आधी घ्यायचे आणि मजुरी उधार ठेवायची. लहान्याला हे तोंडावर म्हणता येत नाही, समोरचा काका-मामा लागतो. बाबा, तुमच्या वयाचा माणूस दुकानात बसून म्हणाला तर कोणाला राग येणार नाही. वही तुम्ही ठेवा: मोटरीचा नंबर, खाचा, वेढे, गेज, जळण्याचं कारण, तारेचं वजन, आलेले पैसे. पुढच्या वर्षी तीच मोटर परत आली तर ती वही उघडली की अर्धं काम झालेलं असतं.

सोयऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर सांगा, मोटर वायंडिंगचं दुकान आहे, जळली तर घेऊन या.

आणि बाबा, उद्या वावरात गेलात की आधी लाईन बंद करा, मग आपल्या स्टार्टरचं झाकण उघडून रिलेची चकती कोणत्या आकड्यावर आहे ते बघा. मोटरीच्या पाटीवर अँपिअरचा जो आकडा आहे, आपल्या मोनोब्लॉक पंपाला (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या) साधारण साडेसात, त्याच्या वर असेल तर हात लावू नका, लहान्याला बोलवा.

तुमची,
ताई