पंपवाल्या दादांना, नागावहून

दादा, सप्रेम नमस्कार.

खरं तर फोनवरच आभार मानायचे होते. दोनदा केलाही. दोन्ही वेळा तुम्ही "फिरतंय ना मशीन? मग झालं," म्हणून ठेवून दिलात. मागे दुकानात कसली तरी मोटार घरघरत होती आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आता चारचौघांत लिहिते. तुमचा फोन बटणांचा, तेव्हा हे तुमच्यापर्यंत कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हाच पोचेल. चालेल.

लोकांसाठी थोडं मागचं सांगते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यात आमच्या वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. नवं रोप लावलं तरी फळ धरायला सहा-सात वर्षं. तोवर घर चालायला हवं, म्हणून पाहुण्यांसाठी दोन खोल्यांच्या चार केल्या आणि मागे तीस बाय पंधराचा पोहायचा पूल बांधला. पूल नसला तर मुंबई-पुण्याचा माणूस हल्ली पुढे बोलतच नाही. "पूल आहे का?" हा पहिला प्रश्न, "समुद्र किती लांब?" हा नंतरचा.

शेजारच्या आवारात सुरूची झाडं आहेत. त्यांच्या सुयांसारख्या काड्या रात्रभर पुलात पडतात आणि सकाळी तळाशी चटई अंथरल्यासारख्या दिसतात. त्या उचलायला आम्ही ते आपोआप फिरणारं मशीन घेतलं. माझ्या भाचीने त्याचं नाव कासव ठेवलं. त्याला स्वतःची मोटार नाही, वायर नाही. फिल्टरचा पंप पाणी ओढतो, त्या ओढीवर आतली रबरी जीभ टक-टक हलते आणि कासव सरकतं. अशा मशीनची कल्पना दक्षिण आफ्रिकेत १९७४ साली निघाली म्हणे. तिकडे ते नीट फिरत असणार. आमचं कासव दहा मिनिटं फिरायचं आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. बाहेर काढा, परत दहा मिनिटांनी तिथेच. बाकीचा पूल तसाच घाण.

तुमच्याआधी तिघं झाले. पहिला मुंबईहून आला, रो-रो बोटीने गाडी घेऊन, जाण्यायेण्याचे पैसे आधी घेतले. मशीन उलटं केलं, आतली रबरी जीभ बदलली, फोटो काढला, गेला. कासव दुपारी पुन्हा कोपऱ्यात. दुसऱ्याने मशीनला हातही लावला नाही. पंप लहान पडतो, दीड एचपीचा घ्या म्हणाला, आणि कोटेशन मात्र त्याच्या खिशात तयार होतं. तिसऱ्याने फोनवर व्हिडिओ मागवला. मी पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, ते आजवर.

पण मला लागलं ते दुसऱ्याचं एक वाक्य. जाताना मामांकडे नुसती मान वळवून तो मला म्हणाला, "मॅडम, हे लोक नीट हँडल करत नाहीत, म्हणून अडकतं." मामा तिथेच बांबू धरून उभे होते. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून कामाला आहेत, साठी कधीच ओलांडली. आणि हे लिहायला जड जातंय, पण मीही त्या दिवशी संध्याकाळी त्यांना म्हणाले, "मामा, जरा सांभाळून वापरत जा." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहुणे उठायच्या आत, जानेवारीच्या थंडीत, कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी कासव हाताने कोपऱ्यातून काढलं. पुढचे पंधरा दिवस रोज काढत होते. मला ते उशिरा कळलं, ओला टॉवेल दोरीवर दिसला म्हणून.

तुम्ही आलात ते खरं तर विहिरीच्या मोटारीसाठी. ती जोडून झाली आणि हात पुसता पुसता तुम्ही विचारलंत, "ते पाण्यातलं काय एका जागी टकटकतंय?" मी सगळं रामायण सांगितलं. तुम्ही पिशवीतून एकही अवजार काढलं नाहीत. चपला बाजूला ठेवल्यात, पँट दुमडलीत आणि काठावर पाय सोडून बसलात. मग बाजूच्या लादीवर हात थोपटलात.

"मामा, बसा इथं. रोज तुम्ही बघता. हा कुठं कुठं जातो?"

दादा, पूल बांधून झाल्यापासून मामा त्या काठावर कधी बसले नव्हते. तो पाहुण्यांचा काठ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं ते मला सुचेपर्यंत तुम्ही परत लादी थोपटलीत, जरा जोरात. मग ते बसले, आधी उकिडवे आणि नंतर पाय सोडून. आणि ओल्या बोटाने त्यांनी लादीवर पुलाचा नकाशा काढायला घेतला. इथून पाणी ओढतं, इथून परत येतं, इथून हा निघतो, नळी इथं वळते. ऊन होतं, अर्धा नकाशा होईपर्यंत पहिली रेघ वाळून जायची. तुम्ही पाण्यात बोट बुडवून ती परत ओढायचात. दोघं वीस मिनिटं तेच करत होतात. मी चहा घेऊन आले तर कुणाचं लक्ष नाही.

शेवटी मामा म्हणाले, "कासव जात नाही ओ तिकडं. नळी त्याला नेते."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "ताई, झालं. सापडलं."

तीन माणसं, पंधरा-वीस हजार रुपये, महिनाभराची कटकट, आणि उत्तर पहिल्या दिवसापासून बांबू धरून उभं होतं. विचारलं कुणी नाही. मीसुद्धा नाही.

पुढचं सगळं अर्ध्या तासात उरकलं. नळीचे खोक्यात आले तेवढे बाराही तुकडे कुणीतरी जोडून टाकले होते. आमच्या पुलाला नऊ पुरतात. जास्तीची नळी वेटोळं घालायची आणि कासवाला वळवून आणायची. वर ती रात्री खिळ्याला गुंडाळून ठेवायची सवय, ती माझीच शिकवण, त्यामुळे रबराला वळणच पडलेलं. आणि परत येणाऱ्या पाण्याचं तोंड बरोबर पायऱ्यांकडे रोखलेलं. तीन तुकडे काढलेत, नळी अंगणात उन्हात सरळ पसरलीत, पाण्याचं तोंड खाली वळवलंत. मामांना म्हणालात, "आता ही गुंडाळायची नाही. आडवी ठेवायची. तुम्हीच बघा." मला नाही सांगितलंत, त्यांना सांगितलंत.

माझे सासरे विहिरीचा पंप बिघडला की आधी पाणी सोडणाऱ्या गड्याला बोलवायचे आणि मिस्त्रीला मागाहून. "आवाज कधी बदलला ते त्याला ठाऊक," म्हणायचे. हे माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षं चाललं होतं. तरी घर माझ्या हातात आल्यावर मी आधी कंपनीचा नंबर शोधते. शर्टावर बिल्ला असलेला माणूस बोलला की मला खरं वाटतं. तुमच्या शर्टावर ग्रीसचा डाग होता.

पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही मोटारीचे वेगळे आणि "या कासवाचे चारशे" असं सांगितलंत. फुकट केलं असतंत तर मला अवघडल्यासारखं झालं असतं, हेही बरं केलंत. जाताना स्कूटरवरून हाक मारलीत ती "मामा, येतो" अशी. मला नुसती मान हलवलीत. मी त्यावर थोडी रुसले होते, आता नाही.

कासव अडीच महिने झाले, एकदाही कोपऱ्यात बसलेलं नाही. सकाळी साडेसहाला मामा पंप चालू करतात आणि काठावर पाय सोडून बसतात, लक्ष ठेवायला. चहा मी तिथेच नेऊन देते. काढलेल्या तीन तुकड्यांपैकी दोन कपाटात आहेत. तिसरा परवा मला सुपारीच्या आळ्यात दिसला, पाणी सोडायला लावलेला. म्हटलं, "मामा, हा महागाचा आहे ना?" तर म्हणाले, "दादांनी सांगितलंय, दोन पुरतात."

तुम्ही असं काही सांगितलं होतं का, ते मात्र फोनवर सांगा.

तुमची,
नागावची ताई