शेपटी म्हणजे डाग नव्हे

महोदय,

किरगिझस्तानात एमबीबीएसला जाणाऱ्या विदर्भातल्या मुलांवरचा आपला लेख वाचला. फी, हॉस्टेल, थंडी, सगळे नीट आले आहे. पण तिकडची लिपी रशियनच, असे एका वाक्यात उरकलेत. त्याने आमच्यासारख्यांचे काम वाढते, म्हणून हे पत्र.

नागपूरच्या महाल भागात माझे डीटीपीचे दुकान आहे. किरगिझस्तानची राजधानी बिश्केक, तिथले कागद घेऊन पालक येतात. किरगिझ वर्णमालेत 36 अक्षरे आहेत: 33 रशियन, वर तीन जादा. त्या तिघांतले एक तर हमखास चकवते. रशियन 'न' रोमन एचसारखा दिसतो. त्याच्या उजव्या पायाला खाली बारीकशी शेपटी जोडली की आपला वाङ्मयातला 'ङ' होतो. रशियनमध्ये हा स्वतंत्र ध्वनी नाही, त्यामुळे 1940 च्या सुमारास सोव्हिएत राजवटीने किरगिझसारख्या भाषा रोमनमधून सिरिलिकमध्ये (रशियन जिच्यात लिहितात त्या लिपीत) आणल्या तेव्हा असे अक्षर लागलेच. कझाक, तातार, तुवा भाषांत ते आहे. तुर्की कुळाबाहेर मंगोल कुळातल्या काल्मिकमध्ये आणि डुंगान या चिनी बोलीतही आहे. कझाकस्तानच्या 'टेंगे' या चलनाच्या नावात, तसेच किरगिझ कादंबरीकार चिंगीझ ऐतमातोव यांच्या नावाच्या किरगिझ रूपात हाच ङ बसलेला आहे. रशियनमध्ये त्यांचे नाव लिहिले की तिथे साधा न येतो.

आता झाले काय, एका दुकानात एका मुलीच्या कागदाचे स्कॅन 'साफ' करताना ऑपरेटरने पानभर या शेपट्या खोडून काढल्या. झेरॉक्सची शाई पसरली असे वाटले असणार बिचाऱ्याला! अनुवादकाने मूळ प्रतीशी जुळत नाही म्हणून कागद परत केला. वडील माझ्याकडे आले तेव्हा मी दोन्ही पाने पडद्यावर शेजारी ठेवून, मोठी करून दाखवली. त्यांना फरक दिसायला बराच वेळ लागला, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

शेपटी गेली तर काय मोठे बिघडले, असे कोणी म्हणेल. किरगिझमध्ये 'ओन' म्हणजे दहा आणि 'ओङ' म्हणजे उजवा. उद्या हीच मुले वॉर्डात उभी राहणार आणि पेशंट उजवी बाजू दुखते म्हणून सांगणार. (आपल्याकडच्या पाट्यांवर 'ळ'चा 'ल' होतो तेव्हा निदान कुणाच्या पोटाचा प्रश्न नसतो.)

कझाकस्तान रोमनकडे परतायचे म्हणतो. तिथे 2017 च्या फर्मानात या अक्षरासाठी एनपुढे अपॉस्ट्रॉफी दिली होती, पुढच्याच वर्षी ती काढून एनवर तिरकी रेघ आली. तो घोळ त्यांचा त्यांना लखलाभ. बिश्केकचे कागद तरी आज सिरिलिकमध्येच येतात.

पालकांनी कॉलेजकडून स्कॅन नव्हे, मूळ पीडीएफ मागवावी. टाइप करायचेच असेल तर विंडोजमध्ये रशियन नाही, किरगिझ कीबोर्ड निवडावा. तो फुकट आहे. जुन्या फॉन्टमध्ये चौकोन उमटले तर फॉन्ट बदलावा, जवळचे दिसणारे अक्षर ठोकून देऊ नये. युनिकोडमध्ये याला स्वतंत्र क्रमांक आहे, साध्या न-ने शोधले तर नाव सापडतच नाही.

पुढच्या लेखात तिन्ही जादा अक्षरांचा तक्ता छापणार असाल तर फाइल मी पाठवीन, फॉन्टसकट.

आपला,
एक डीटीपीवाला, महाल, नागपूर