एक उठला की तिघे मरतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मुलांच्या हातातले मोबाईल काढून घ्या' असा सल्ला देणारी पत्रे अधूनमधून वाचतो. मीही ते करून पाहिले. माझा दहावीतला मुलगा रात्री साडेबारापर्यंत पांघरुणात खेळायचा. फोन कपाटात कुलूपबंद केला, तर दुसऱ्या दिवसापासून स्वारी मित्राच्या फोनवर. शिवाय घरात अबोला.

एकदा ताट वाढून हाका मारत होतो. तो म्हणाला, "बाबा, अर्ध्यात उठलो तर तिघंबी मरत्यात!" तेव्हा माझी ट्यूब पेटली. चौघांचा गट, कानाला हेडफोन, एकमेकांना हाका. डाव मध्येच थांबवता येत नाही. उठेल तो दगाबाज. म्हणजे गेम सोडायचा तर दोस्त सोडायचे. आणि आम्ही नेमक्या त्याच दोस्तांना शिव्या घालत होतो!

घरातही बोलायला होते कोण? वडगावात आमचे माग आहेत. दिवसभर त्या खडखडाटात राहून मी घरी आलो की जेवताना रील्स बघणार, बायको मालिका.

दिवाळीत याच चौघांनी गल्लीत किल्ला केला. लाल माती आणली, पोती भिजवून चिखल थापला, मोहरी पेरली. आठ दिवस रात्री अकरापर्यंत तिथेच. फोन निघायचा तो राजगडाच्या संजीवनी माचीचे फोटो बघायला. किल्ला मोडला आणि गेम परत आला, ते खरेच. पण तोवर मी बाकी तिघांच्या घरी जाऊन आलो होतो. त्यातले एक घर कन्नड. सीमाप्रश्न काही आड आला नाही, चहा झाला. दहाला चौघांनी एकदमच बंद करायचे ठरले. कोणी दगाबाज ठरत नाही.

खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण ताबा सुटून अभ्यास, झोप, नाती बिघडणे साधारण 12 महिने चालले तर. तशी वेळ आली असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या रुग्णालयात यासाठी खास क्लिनिकही आहे.

परवा शनिवारी साडेदहा वाजले तरी खेळ चालूच होता. मी ओरडणार होतो, पण माझाही फोन हातातच होता.

एक पालक,
वडगाव, बेळगाव