टोळ्या निघण्याआधी मुलांची मोजणी : माणसे हवीत, वजनकाटे हवेत, थोडे पैसेही

सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की बालाघाटाच्या आमच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोडीसाठी मजुरांच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या चकरा वाढतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तर पावसाळ्यातच घेतलेली असते, बहुतेकांची खर्चूनही झालेली असते. मग एका रात्री ट्रॅक्टरमध्ये भांडी, ज्वारीचे पोते, कोंबड्या, बैलांची पेंड आणि पोरे असे सगळे एकत्र भरले जाते आणि टोळी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्याकडे निघते. ती परत येते गुढीपाडव्याच्या पुढेमागे. दरम्यान गावात म्हातारी माणसे उरतात आणि त्यांच्याजवळ ठेवलेली काही मुले. बाकीची उसाच्या फडावर.

बीड जिल्ह्यातल्या अशा काही गावांनी मिळून यंदा एक समिती केली आहे. तीत ग्रामपंचायत सदस्य आहेत, अंगणवाडीताई आणि आशाताई आहेत, शाळा व्यवस्थापन समितीचे पालक, बचत गटाच्या बाया, दोन-तीन निवृत्त गुरुजी आणि एक मुकादमही आहे. मुकादम कशाला, असे काहींनी विचारले. कोणती नवरा-बायकोची जोडी कुठल्या कारखान्याला गेली आणि बरोबर किती पोरे नेली, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते, म्हणून.

आमचे म्हणणे एकच आहे. आमची मुले कुठल्याच वहीत धड नाहीत. गावच्या शाळेत मूल पटावर असते, वर्गात नसते. फडाजवळच्या शाळेत ते कधीमधी वर्गाच्या दारात उभे असते, पण पटावर नसते. अंगणवाडीचेही तसेच. इथे त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि तिथल्या यादीत त्याचे नाव चढायला निम्मा हंगाम जातो. पाच-सहा महिने ते सरकारच्या हिशेबात जवळपास नसतेच. आणि हे पाच-सहा महिने दोन वर्षांच्या बाळासाठी म्हणजे आजवरच्या आयुष्याचा चौथा हिस्सा.

राज्याचे आकडे आहेत, नाहीत असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी, 25.6 टक्के उंचीच्या मानाने कृश आणि 36.1 टक्के वयाच्या मानाने वजनात कमी निघाली. 2015-16 च्या फेरीत हेच आकडे 34.4, 25.6 आणि 36.0 होते. म्हणजे गाडा जागचा हलला नाही, उलट तीव्र कृश मुलांचे प्रमाण 9.4 वरून 10.9 टक्क्यांवर गेले. पण हे झाले सगळ्या महाराष्ट्राचे. टोळीबरोबर गेलेले मूल परत येताना वजनाने वाढून येते की झडून, हे त्यात दिसत नाही. सर्वेक्षणवाले हंगामात दारात आले तर दाराला कुलूप.

बालशिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यातले नववे कलम फारसे कुणी वाचत नाही. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद स्थानिक प्राधिकरणाने ठेवायची, असे त्यात लिहिले आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारीही त्याच कलमात आहे. म्हणजे आम्ही जे करायला निघालो आहोत ते उपकाराचे काम नाही. आधीच सांगितलेले आणि राहून गेलेले काम आहे.

यंदा दोन मोजण्या करायच्या आहेत. पहिली टोळ्या निघण्यापूर्वी, दुसरी त्या परतल्यावर. शून्य ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचे नाव, वय, शाळा किंवा अंगणवाडी, लसी, आणि यंदा ते कुणाजवळ राहणार हे लिहायचे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन-उंचीही घ्यायची. गावात राहिलेली आणि फडावर गेलेली अशी दोन्ही मुले मोजली म्हणजे फरक कुठे पडतो ते कळेल.

हे ऐकायला सोपे वाटते. एका बाळाची उंची नीट घ्यायला दोन माणसे लागतात. दोन वर्षांखालचे मूल फळीवर आडवे झोपवायचे. एकाने डोके फळीच्या वरच्या कडेला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून तळपायाला सरकती पट्टी लावायची आणि मिलिमीटरपर्यंत वाचायचे. बाळ रडते, पाय झाडते, आजी ओरडते, ‘अगं बाई, पोरीला असं निजवू नये!’ मग सगळे पुन्हा. दोनदा मोजायचे, दोन आकड्यांत तफावत आली तर तिसऱ्यांदा. दंडाच्या घेराची पट्टी त्या मानाने सोपी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर वही बाजूला ठेवून आधी त्याला आरोग्य केंद्रात न्यायचे. ते मूल आमच्या अभ्यासासाठी थांबणार नाही, हे सगळ्यांनी पक्के समजून घ्यावे.

खरी डोकेदुखी वयाची. शाळेचे दाखले पाहिले तर आमच्याकडे निम्मे गाव एक जूनला जन्मलेले दिसते. मोठ्यांच्या बाबतीत हा थट्टेचा विषय आहे. पण दीड वर्षाच्या बाळाचे वय चार महिन्यांनी चुकले तर ते बुटके की धडधाकट हेच उलटेपालटे होते. म्हणून जन्मदाखला नसेल तिथे आई-आजीजवळ बसून विचारावे लागते : पोळ्याच्या आधी की नंतर? उचल घेतली तेव्हा पोटात होते की मांडीवर? फडावर झाले असेल तर कारखाना पेटल्यावर (हंगामाच्या सुरुवातीला) की पट्टा पडायच्या वेळी (हंगाम संपताना)? अशी सणवारांची आणि हंगामाची एक दिनदर्शिकाच आम्ही तयार केली आहे. तिच्यावर महिना बऱ्यापैकी ठरतो. हे विचारायला घाई नसलेली माणसे लागतात. निवृत्त शिक्षक आणि परिचारिका यात फार उपयोगी पडतील.

गावातल्या बायका मोजतील आणि त्यावर धोरण ठरेल, याला हसणारे भेटतात. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या 39 गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. शेजारच्या गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटलेला दिसला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले आणि 2011 पासून आशाताईंमार्फत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. मध्ये बारा वर्षे गेली. आमचे काम त्यापुढे काहीच नाही आणि आम्हाला बारा वर्षे थांबायचेही नाही, कारण आमच्या मागण्यांसाठी नवा शोध लागायचा नाही. योजना कागदावर आहेतच.

हंगामी वसतिगृह घ्या. आईबाप गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ राहते, दोन्ही वेळचे जेवण शाळेत होते आणि शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. योजना चांगली आहे, पण मंजुरी टोळ्या गेल्यावर आली तर तिचा उपयोग काय? एकदा ट्रॅक्टरमध्ये बसलेले पोर परत येत नाही. किती मुले मागे ठेवायला पालक तयार आहेत याची सह्यांची यादी वेळेत जिल्हा परिषदेकडे गेली, तर निदान ‘मागणी आली नाही’ हे उत्तर तरी बंद होईल. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना 2021 मध्ये जाहीर झाली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची. ती मोठ्या मुलांची सोय. झोळीतल्या बाळाला आणि त्याला सांभाळायला शाळा सोडून नेलेल्या नऊ वर्षांच्या बहिणीला तिचा उपयोग नाही. त्या दोघांसाठी फडावर पाळणाघर हवे आणि ते कारखान्याच्या गावानेच द्यायला हवे.

ग्रामपंचायतीचेही आमचेच आम्ही बोलतो. स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. बऱ्याच ठिकाणी मार्चच्या शेवटी घाईघाईने काहीतरी वस्तू खरेदी होते आणि रकाना भरतो. यंदा हा पैसा कशावर जावा हे मोजणीवरून ठरवायचे, असा ठराव 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारीही तेव्हाच सुरू होते. दोन्ही मोजण्यांचा निकाल 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचू. पहिल्या मोजणीचा 26 जानेवारीलाच वाचला असता, पण तेव्हा ज्यांच्या मुलांबद्दल बोलायचे ते मायबाप गावात नसतात. निकाल आधी गावाला, मग तालुका आणि जिल्ह्याला. त्यात आकडे असतील, कुणाच्या मुलाचे नाव नसेल. आणि एक आधीच सांगतो : देणगीदारांसाठी हडकुळ्या पोरांचे फोटो आम्ही काढणार नाही. कुणी मागूही नयेत.

आता मदतीचे. उंची मोजायच्या फळ्या आणि वजनकाटे अंगणवाड्यांत आहेत, पण काही काटे बिघडलेले आहेत आणि वाड्यावस्त्यांवर न्यायला सुटसुटीत जोड हवेत. नवे द्या, चांगल्या स्थितीतले जुने द्या किंवा काटे दुरुस्त करणारा माणूस पाठवा. छपाई, पेट्रोल आणि मोजणीच्या दिवशी कामावर खाडा पडणाऱ्या बायांची रोजंदारी यासाठी पैसे लागतील. आशा आणि अंगणवाडीताईंकडे आधीच ढीगभर रजिस्टरे आहेत. त्यांच्या डोक्यावर हे फुकट लादायचे नाही, असे समितीने पहिल्याच बैठकीत ठरवले. शंभर रुपयेही चालतील. रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यातच भरावी आणि छापील पावती घ्यावी. हातात कुणालाही रोख देऊ नये, समितीच्या माणसालाही नाही. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल.

परदेशातल्या आपल्या माणसांना विनंती की त्यांनी तिथून पैसे पाठवू नयेत. परदेशी देणगी घ्यायला जी नोंदणी लागते ती आमच्याकडे नाही. त्यांचा वेळ मात्र हवा आहे. ज्यांना संख्याशास्त्र येते, आकड्यांची साफसफाई येते, त्यांनी आठवड्यातले दोन तास दिले तर पुणे-मुंबईच्या विद्यार्थ्यांना घेऊन तक्ते तयार होतील. नावे वगळलेली प्रतच त्यांच्याकडे जाईल.

सगळ्यात मोठी मदत कराड, शिरोळ, इंदापूर, माळशिरसकडच्या मंडळींकडून हवी आहे. तुमच्या शिवारात कोप्या, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्या, पडल्या की जवळच्या अंगणवाडीताईंना तेवढे सांगा. आम्ही प्रत्येक कुटुंबाबरोबर मुलांची एक चिठ्ठी देणार आहोत : नाव, इयत्ता, झालेल्या लसी, शेवटचे वजन. ती पाहून शाळेने मूल वर्गात बसवावे, दाखला नंतर मागवावा. एखाद्या कारखान्याच्या शेतकी खात्याने टोळ्या कुठे उतरल्या याची यादी दिली, तर आमचे अर्धे काम होईल.

मोजणीला येणाऱ्यांनी पितृपंधरवडा संपायच्या आत आपल्या जवळच्या ग्रामपंचायतीत नाव द्यावे. घटस्थापनेच्या आधी दोन दिवसांचे प्रशिक्षण आहे. राहायची सोय शाळेत, जेवण बचत गटाकडे. अंथरूण-पांघरूण आपापले आणावे. मुक्काम डोंगरावर आहे, बॅटरीही असू द्यावी.